देव दिसायच्या आधी फाळकेंनी पडद्यावर स्वतःची लेक दाखवली होती

अलार्म वाजतो. चादरीतून एक हात बाहेर येतो, मोबाइल चाचपडतो, अलार्म बंद करतो. पुढच्या शॉटमध्ये हीरो आरशासमोर दात घासतोय.

कॉलेजच्या पोरांनी केलेल्या शॉर्ट फिल्म बघायची सवय असेल, तर ही सुरुवात तुम्ही कितीतरी वेळा बघितली असेल. भुताची फिल्म असेल तर अलार्मच्या जागी करकरणारं दार येतं. प्रेमाची असेल तर पुस्तकं खाली पडतात आणि दोघं एकदमच वाकतात. फिल्म भिवंडीच्या कामतघरमध्ये शूट झालेली असो नाहीतर कोल्हापूरच्या राजारामपुरीत, सुरुवात तीच.

मास मीडिया शिकवणाऱ्या कॉलेजांत यावरच प्रोजेक्ट असतं. एक जॉनर निवडायचा, त्या जॉनरच्या फिल्मची पहिली दोन मिनिटं शूट करायची आणि मग सांगायचं की त्यातले ठरलेले संकेत तुम्ही कुठे पाळले आणि कुठे मोडले. पोरं इथेच अडकतात. सगळे संकेत पाळले तर फिल्म शिळी वाटते आणि सगळे मोडले तर बघणाऱ्याला काय चाललंय तेच कळत नाही.

हा प्रश्न कुठल्या परदेशी पुस्तकातून आलाय असं वाटेल. पण शंभरेक वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने तो पडद्यावर सोडवून दाखवला होता. तेव्हा ना फिल्म स्कूल होतं, ना जॉनर हा शब्द कुणाच्या तोंडात होता. त्या माणसाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके.

फाळके म्हटलं की आपल्याला राजा हरिश्चंद्र आठवतो, पहिला भारतीय चित्रपट आठवतो आणि मोठा पुरस्कार आठवतो. पण त्यांचं आयुष्य त्यांच्या सिनेमांच्या सुरुवातींमधून बघितलं, तर एक वेगळाच माणूस समोर येतो.

चाळिशीतला विद्यार्थी

फाळकेंचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. घरात पुराणं, कीर्तनं, पूजाअर्चा. वडिलांना मुंबईत शिकवायची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले.

त्यानंतर या माणसाने काय काय केलं नाही? फोटो स्टुडिओ काढला. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. राजा रविवर्मांच्या छापखान्यासाठी लिथोग्राफचं काम केलं. भागीदारीत स्वतःचा छापखाना उभा केला आणि रंगीत छपाई समजून घ्यायला १९०९ मध्ये थेट जर्मनीला जाऊन आले. मध्ये जादूचे प्रयोगही केले. जादूगार म्हणून त्यांनी स्वतःचंच आडनाव उलटं केलं होतं, प्रोफेसर केल्फा.

ही यादी लक्षात ठेवा. चित्रकला, फोटो, रविवर्मांचे देव आणि जादू. पुढे त्यांचा सगळा सिनेमा यातूनच निघाला.

छापखान्यातल्या भागीदारांशी पटेनासं झालं आणि फाळके बाहेर पडले. वय चाळिशीच्या घरात, हातात काम नाही, घरात लहान मुलं. साधारण १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळकेंच्या डोक्यात राम आणि कृष्ण चालायला लागले.

मग झपाटल्यासारखं झालं. मिळेल तो सिनेमा बघायचा, फिल्मचे तुकडे भिंगाखाली धरायचे, रात्र रात्र जागायचं. ताण इतका पडला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी नजर परत आली. बरं वाटताच त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या, पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं.

तिथे एका सिनेमा साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेलं. हेपवर्थच्या स्टुडिओत फाळकेंनी काही दिवस सिनेमा कसा बनतो ते बघितलं. विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र खरेदी केलं आणि एप्रिलमध्ये मुंबईत परत. आजच्या भाषेत सांगायचं तर बेचाळिसाव्या वर्षी केलेला क्रॅश कोर्स.

पहिली फिल्म एका रोपट्याची

कॅमेरा आला, पण सिनेमासाठी पैसा लावणार कोण? ज्याने आपल्याकडचा सिनेमा कधी बघितलेलाच नाही, तो त्यावर पैसे कशाला लावेल?

फाळकेंनी मग एक नमुना फिल्म केली. तिला आपण त्यांची स्टुडंट फिल्मच म्हणू. कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि ठरावीक वेळाने एक एक फ्रेम घेत राहिले. हे काम महिन्याहून जास्त चाललं. फिल्म दाखवली तेव्हा जेमतेम मिनिटभरात बी फुटलं, कोंब वर आला, रोपटं वाढलं. नाव होतं अंकुराची वाढ.

यात देव नाही, राजा नाही, गोष्टसुद्धा नाही. पण बी रुजतं हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. ते रुजताना डोळ्यांदेखत कुणीच बघितलं नव्हतं. ओळखीची वस्तू घ्यायची आणि ती न बघितलेल्या पद्धतीने दाखवायची, ही फाळकेंची युक्ती इथून सुरू झाली. फिल्म बघून ओळखीतले यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. सिनेमा सुरू झाला.

या सगळ्यात एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ते म्हणजे सरस्वतीबाई फाळके. अंधारात बसून फिल्मला भोकं पाडणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर प्रकाश पाडणं, फिल्म धुणं आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणं, हे सगळं त्या करायच्या. दागिनेही त्यांनीच दिले. श्रेयनामावलीत त्यांचं नाव नव्हतं.

राजा हरिश्चंद्र सुरू कसा होतो?

आता त्या काळचा प्रेक्षक डोळ्यांसमोर आणा. त्याला माहीत होतं ते संगीत नाटक. नाटकाची सुरुवात ठरलेली असायची. आधी नांदी, मग सूत्रधार आणि नटी येऊन आज कोणता खेळ आहे ते सांगणार आणि त्यानंतर पडदा उघडणार. दुसरीकडे त्याच्या घरातल्या भिंतीवर रविवर्मांच्या छापील चित्रातले देव आणि राजे होते.

फाळकेंनी यातलं एक टाकलं आणि एक ठेवलं.

सूत्रधार आणि नटी गेले. मूकपटात नांदी गाणार तरी कोण? आज बघायला मिळणाऱ्या प्रिंटमध्ये सिनेमा सुरू होतो तोच राजवाड्यात. राजा हरिश्चंद्र मुलगा रोहिदासला धनुष्यबाण चालवायला शिकवतोय, राणी तारामती शेजारी आहे. कॅमेरा हलत नाही. माणसं समोरासमोर, चित्रात उभी केल्यासारखी. रविवर्मांचं एखादं चित्र जिवंत झालं तर कसं दिसेल, तसं.

प्रेक्षकाला लगेच कळतं की हा आपला हरिश्चंद्र. तो खुर्चीत निवांत बसतो. मग प्रजाजन येतात, राजा शिकारीला निघतो आणि सिनेमा राजवाड्यातून बाहेर पडतो. खरी झाडं, खरं रान, खरं ऊन. रंगमंचावर हे कधीच दिसणार नव्हतं. थोड्याच वेळात विश्वामित्राच्या यज्ञाच्या ज्वाळांमधून स्त्रिया प्रकट होतात. जादूगार केल्फा इथे कामाला येतो.

आधी ओळखीचं चित्र, मग चित्राच्या चौकटीबाहेरचं रान आणि मग जादू. पाहणाऱ्याला एक एक पायरी चढवत वर नेलंय.

ही बाहेरची दृश्यं घ्यायला मंडळी गेली होती ठाणे जिल्ह्यातल्या वांगणीला, कल्याण-कर्जत मार्गावरच्या गावात. तलवारी आणि भाले घेऊन आलेली अनोळखी माणसं बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले. पोलिसांनी सगळ्यांना धरलं. फाळके मागून पोचले आणि त्यांनी हा सगळा खेळ सिनेमाचा आहे हे पटवून दिलं तेव्हा कुठे सुटका झाली. सिनेमा ही गोष्टच कुणाला माहीत नव्हती, तर शूटिंग कळणार कसं? नटांना तर फाळकेंनी सांगून ठेवलं होतं की कुठे काम करता असं कुणी विचारलं, तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत असं सांगायचं. परेश मोकाशींनी २००९ मध्ये याच नावाने फाळकेंवर मराठी सिनेमा केला.

तारामतीची गोष्टही तशीच. सिनेमात काम करायला बाई मिळेना. फाळकेंनी अगदी वेश्यावस्तीतही विचारून बघितलं, तिथूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात अण्णा साळुंके नावाचा नाजूक हातांचा आचारी त्यांना दिसला. भारतीय सिनेमाची पहिली नायिका म्हणजे हे अण्णा साळुंके. पुरुषाने बाईचं काम करायचं हा नाटकातला रिवाज होताच, तो फाळकेंना नाइलाजाने पाळावा लागला.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये राजा हरिश्चंद्र लागला. लोकांना नुसता सिनेमा बघायला बोलवायची हिंमत कुणाची नव्हती, त्यामुळे त्याच खेळात नाच होता, विनोदी प्रवेश होता, पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू होता. सिनेमा चालला आणि जोरात चालला.

प्रेक्षक चपला काढायला लागले तेव्हा

त्यानंतर फाळके नाशिकला गेले आणि एकामागून एक पौराणिक चित्रपट काढायला लागले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, म्हणजे बायकांच्या भूमिकेत बायका आल्या. १९१७ च्या लंका दहनमध्ये अण्णा साळुंकेंनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. सिनेमा इतका चालला की मद्रासमध्ये तिकिटांचे पैसे बैलगाडीतून पोलिस बंदोबस्तात न्यावे लागले. पडद्यावर राम आला की लोक चपला काढून हात जोडायचे.

आता इथे थांबा. फाळकेंनी आपल्या हाताने एक जॉनर जन्माला घातला होता. पौराणिक चित्रपट. त्याचे संकेतही तयार झाले होते. देव प्रकट होणार, चमत्कार होणार, प्रेक्षक नमस्कार करणार. असा धंदा हातात असताना कुणीही शहाणा निर्माता काय करेल? पुढच्या सिनेमात देव आणखी लवकर प्रकट करेल.

फाळकेंनी १९१९ मध्ये नेमकं उलटं केलं.

सिनेमा होता कालिया मर्दन. कृष्णाची भूमिका होती त्यांची मुलगी मंदाकिनी हिची, वय वर्षं सात. आणि सिनेमाची सुरुवात कृष्णापासून होत नाही. ती होते मंदाकिनीपासून.

आधी पाटी येते की ही सात वर्षांची मुलगी आहे आणि ती चेहऱ्यावरचे हावभाव करून दाखवणार आहे. मग पडद्यावर फक्त तिचा चेहरा. ती हसते, रुसते, चिडते, घाबरते, लाडात येते. एकामागून एक भाव. गोष्ट अजून सुरू झालेली नाही. आणि मग हीच मुलगी आपल्या डोळ्यांसमोर कृष्ण होते.

विचार करा. जो प्रेक्षक पडद्यावरच्या देवाला हात जोडतो, त्याला आधीच सांगितलं जातंय की हा देव म्हणजे एक लहान मुलगी आहे आणि ती अभिनय करतेय. आजच्या भाषेत हा स्पॉयलर झाला. श्रद्धेवर चालणाऱ्या धंद्यात हा मोठा जुगार होता.

पण यात नाटकाच्या सूत्रधाराची आठवण आहे, बघा. १९१३ मध्ये जो सूत्रधार टाकला, तो सहा वर्षांनी वेगळ्या रूपात परत आला. नाटकातला सूत्रधारही हेच सांगायचा की आता खेळ सुरू होतोय. मराठी प्रेक्षकाला हा संकेत रक्तात मुरलेला होता. बालगंधर्वांना पुरुष म्हणून ओळखूनही लोक त्यांच्या भामिनीवर जीव टाकत होतेच. खेळ आहे हे माहीत असल्याने रंग जात नाही, उलट चढतो, हे फाळके ओळखून होते. जुना संकेत वापरून त्यांनी स्वतःच्याच नव्या संकेताला धक्का दिला.

आणखी एक गोष्ट झाली. अण्णा साळुंके सीता झाले तेव्हा पुरुष बाई झाला होता. इथे मुलगी देव झाली. नाइलाजाने पाळलेला रिवाज फाळकेंनी निवडीने उलटा फिरवला. पुढे सिनेमाभर हा कृष्ण लोणी चोरतो, शेजाऱ्यांच्या खोड्या काढतो आणि शेवटी यमुनेत उडी मारून कालियाशी झुंजतो. सुरुवातीला चेहरा ओळखीचा झालेला असतो, म्हणून पाण्यात उतरणाऱ्या त्या पोरीची आपल्याला काळजी वाटते. देवाची काळजी कोण करतं?

मग ओळ चुकली कुठे?

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतल्या भागीदारांशी फाळकेंचं बिनसलं. ते सगळं सोडून काशीला गेले, तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं. काही वर्षांनी परत आले, चित्रपट काढत राहिले. त्यांच्या नावावर ९५ च्या आसपास चित्रपट आणि पंचवीसहून जास्त लघुपट सांगितले जातात.

पण त्यांच्या भोवतीचा सिनेमा बदलत होता. १९२५ मध्ये बाबूराव पेंटरांनी सावकारी पाश काढला, त्यात देव नव्हता, जमीन गमावलेला शेतकरी होता. १९३१ मध्ये आलम आरा आला आणि सिनेमा बोलायला लागला. १९३२ मध्ये प्रभातने अयोध्येचा राजा काढला. गोष्ट तीच, फाळकेंच्या हरिश्चंद्राची. फरक एवढाच की आता तारामती होत्या दुर्गा खोटे आणि त्या बोलत होत्या.

१९३७ हे साल तर नीट बघण्यासारखं आहे. त्या वर्षी व्ही. शांताराम यांचा कुंकू आला. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी ते लग्न नाकारते ही गोष्ट, आणि सिनेमाभर पार्श्वसंगीत नाही, फक्त त्या जागेतले खरे आवाज. त्याच वर्षी फाळकेंचा गंगावतरण आला, कोल्हापूर सिनेटोनचा. त्यांचा एकमेव बोलपट. विषय पुन्हा पुराणातला, भर पुन्हा चमत्कारांवर. फाळके तेव्हा ६७ वर्षांचे होते.

ज्याने स्वतःचा साचा १९१९ मध्ये मोडून दाखवला, तोच माणूस शेवटी त्या साच्यात अडकला. चमत्कार आता कुणाला नवा नव्हता. १९१३ मध्ये जे कधीही न बघितलेलं होतं, ते १९३७ मध्ये ठरलेलं झालं होतं. संकेत मोडणं हे एकदा करून भागत नाही. तुम्ही मोडून जे नवं केलेलं असतं, त्याचाच उद्या संकेत होतो.

गंगावतरणनंतर फाळकेंनी चित्रपट काढला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा सिनेमाची दुनिया त्यांना बरीचशी विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला आणखी पंचवीस वर्षं लागली.

आता कामतघरमध्ये कॅमेरा लावला तर?

फाळकेंची पद्धत आज वापरायची कशी, ते एका उदाहरणाने बघू.

समजा कामतघरमध्ये राहणाऱ्या एखाद्या पोरीला भुताची शॉर्ट फिल्म करायचीय. ठरलेली सुरुवात म्हणजे रात्र, अंधार, शांतता आणि मग दाराचा आवाज. पण भिवंडीत शांतता असते कुठे? पॉवरलूमची खटखट दिवसरात्र चालू असते. इथली माणसं त्या आवाजात झोपतात, जेवतात, फोनवर बोलतात. इथे भीती वाटेल ती आवाज थांबल्यावर.

म्हणजे सुरुवात अशी करता येईल. रात्र आणि अंधार ठेवायचा, कारण त्यानेच प्रेक्षकाला कळतं की ही भुताची फिल्म आहे. पण मागे मागांची खटखट चालू. झोपलेलं घर. वऱ्हाळा तलावावरून आलेला वारा पडदा हलवतोय आणि तरी काहीच भीतीदायक नाही. मग सगळे माग एकदम थांबतात. घरातली म्हातारी डोळे उघडते.

वीज गेली असेल, असं प्रेक्षक म्हणेल. तेवढ्यात दिसतं की पंखा फिरतोय.

यात खर्च शून्य. अंधार जॉनरचा आहे, आवाज गावाचा आहे. फाळकेंनी रविवर्मांची चौकट ठेवून तिच्याबाहेर वांगणीचं रान दाखवलं, त्यातलाच हा प्रकार. आणि उद्या भिवंडीतल्या दहा पोरांनी माग थांबवून फिल्म सुरू केली, तर अकराव्या पोराने दुसरं काहीतरी शोधायला हवं. गंगावतरण विसरून चालणार नाही.

कालिया मर्दनचा बराचसा भाग आजही शिल्लक आहे आणि नेटवर शोधला तर सापडतो. सगळा बघायला वेळ नसेल तर फक्त सुरुवात बघा. रंग नाही, आवाज नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. एक सात वर्षांची मुलगी कॅमेऱ्याकडे बघून तोंडं करतेय आणि कॅमेऱ्यामागे तिचे वडील आहेत.